पेंग्विनच्या आधी अर्धा तास

बासी ईदच्या, म्हणजे ईदच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळी मीरा रोड स्थानकावर जरा उभे राहा. नया नगरातून रिक्षांनी उतरणारी, कडक इस्त्रीतली पोरं, खिशात ईदीचे पैसे. कुठे निघालात विचारलं तर पुष्कळांचं उत्तर एकच, राणीची बाग. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत इथल्याच मराठी, गुजराती घरांचंही तेच. दादरला गाडी बदलून भायखळा गाठायचं म्हणजे घरापासून सहज दीड तास मोडतो. एवढ्या लांबून आलेली माणसं बागेच्या फाटकातून आत शिरली की थेट पेंग्विनच्या रांगेत उभी राहतात. २०१६ साली दक्षिण कोरियातून ते पक्षी आले तेव्हापासून बागेत आणखी काही आहे याचा लोकांना विसरच पडलाय. फाटकाजवळच्या जुन्या देखण्या इमारतीच्या सावलीत जरा टेकायचं, पाणी प्यायचं, सगळ्यांचा एक फोटो काढायचा आणि पुढे सुटायचं. ती इमारत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची. लहान मुलांना घेऊन शिरायला मुंबईत तिच्याहून सोपी जागा माझ्या माहितीत नाही.

नया नगरातल्या अम्मी-अब्बूंना आणि आई-बाबांना माझं सांगणं एवढंच आहे. पुढच्या खेपेला पेंग्विनच्या आधी अर्धा तास त्या इमारतीत जा. अर्धाच तास. तासभर नको, दोन तास तर नकोच नको.

न जाण्याची कारणं ठरलेली असतात. पहिलं म्हणजे, ‘आम्हालाच त्यातलं काही कळत नाही, पोरांना काय सांगणार?’ पण तुम्हाला सांगायला बोलावलंय कुणी? पाच वर्षांच्या पोराला साल, शैली, घराणं यातलं काही नको असतं. वाघाला दात किती काढलेत, होडीतला माणूस पडणार तर नाही ना, राजाच्या पायात चप्पल का नाही, असले त्याचे प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरं समोरच्या वस्तूतच सापडतात. सापडली नाहीत तर ‘मलाही माहीत नाही, नीट बघू या’ हे वाक्य पुरतं. उलट ज्याला फार कळतं अशा बापाबरोबर संग्रहालयात गेलेल्या मुलांची मला दया येते. प्रत्येक कपाटापुढे भाषण, आणि बाहेर पडल्यावर परीक्षा.

दुसरं कारण, पोरं दंगा करतील. करतील की. पण संग्रहालय म्हणजे काही इस्पितळाचा अतिदक्षता विभाग नव्हे. मोठ्याने हसलं तर काही बिघडत नाही, धावलं तर मात्र बिघडतं, आणि त्याला उपाय एकच, थकायच्या आत बाहेर पडायचं. इथे एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन नावाच्या गृहस्थांनी एका माणसाला दालनात उभं केलं, मांडलेल्या वस्तू नीट बघायला त्याला किती वाकावं, किती उकिडवं बसावं, किती मान वर करावी लागते याची छायाचित्रं काढली आणि १९१६ साली ‘संग्रहालयातला थकवा’ या विषयावर लेख छापला. म्हणजे धडधाकट मोठ्या माणसाचीही तिथे कंबर मोडते, ही शंभर वर्षांपूर्वीची नोंद आहे. मग साडेतीन फुटांच्या पोराने दोन तासांनी भोकाड पसरलं तर त्यात त्याचा काय दोष?

त्या उंचीचं एक गुपित आहे. काचेच्या पेटीसमोर तुम्ही एकदा मुलाच्या उंचीला बसून बघा. वरून तुम्हाला जी वस्तू स्वच्छ दिसत होती, तिच्या जागी खालून काचेवर ट्यूबलाइट चमकताना दिसते, किंवा नुसती पेटीची कडा. मूल ‘कंटाळा आला’ म्हणतं त्यातल्या निम्म्या वेळा त्याला खरोखरच काही दिसत नसतं. कडेवर घ्या किंवा बाजूच्या कोनात न्या. हे मला तज्ज्ञांच्या दहा सूचनांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

आता भायखळ्यालाच आधी का, ते सांगतो. हे संग्रहालय १८५७ साली टाउन बॅरॅक्समध्ये सुरू झालं, आणि आत्ताची इमारत २ मे १८७२ रोजी लोकांसाठी उघडली. ती उभी राहावी म्हणून जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी अशा मंडळींनी खटपट केली, बगदादहून आलेल्या ज्यू सॅसून घराण्याने घड्याळाचा मनोरा दिला. १९७५ साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट हे नाव जाऊन डॉक्टरांचं नाव लागलं. मधली कित्येक वर्षं तिथे धूळ आणि वटवाघळांचा वास हेच आकर्षण होतं. पुढे जुन्या रंगांचा माग काढत दुरुस्ती झाली, तिला २००५ साली युनेस्कोचं पारितोषिक मिळालं आणि २००८ साली दारं पुन्हा उघडली. हे सगळं तुमच्यासाठी. पोराला यातलं काही सांगू नका. त्याला सांगायचं ते वरच्या मजल्यावर.

वरच्या मजल्यावर मातीच्या छोट्या छोट्या बाहुल्या आहेत. शंभरेक वर्षांपूर्वीच्या मुंबईतली आणि मुलखातली माणसं, कुणाची पगडी, कुणाचा फेटा, कुणाची गोल टोपी, कुणी विणतोय, कुणी घडवतोय, कुणी विकतोय. गावाचे, खेळांचे छोटे देखावे आहेत. होड्यांच्या प्रतिकृती आहेत. लहान मुलांना लहान वस्तू आवडतात, कारण तिथे ती स्वतः मोठी असतात. नया नगरच्या पोराला तर इथे खेळ तयारच आहे. ‘यातली कुठली टोपी आपल्या गल्लीत दिसते?’ एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं. हैदरी चौकात संध्याकाळी अर्धा तास उभं राहिलं तर जेवढ्या तऱ्हेच्या टोप्या, ओढण्या, दाढ्या आणि बोल्या कान-डोळ्यांवरून जातात, त्यावर वाढलेल्या मुलाला हे कपाट परकं वाटायचं कारण नाही. उत्तनला मासळी आणायला बापाबरोबर गेलेलं पोर होडीची डोलकाठी, शीड, सुकाणू तुम्हालाच दाखवील.

बाहेर बागेत दोन जनावरं आहेत, त्यांना चुकवू नका. एक दगडी हत्ती. घारापुरी बेटावर हा उभा होता, त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो पडून फुटला आणि विलायत राहिली बाजूला. पुढे तुकडे जोडून त्याला इथे उभं केलं. जोडलेल्या भेगा कुठे दिसतात ते मुलाला शोधू द्या. दुसरा घोडा, त्याच्यावर सातवा एडवर्ड राजा बसलाय. हाच तो मूळ काळा घोडा. १९६५ साली त्याला फोर्टातून उचलून इथे आणलं, आणि जागेचं नाव मात्र तिकडेच राहिलं. २०१७ साली फोर्टात नवा घोडा आला, पण त्याच्या पाठीवर कुणीच नाही. ‘एक घोडा राजाचा आणि एक घोडा बिनराजाचा, दुसरा कधी बघायचा?’ असं विचारून ठेवलंत की पुढच्या रविवारची सोय मुलानेच केली समजा.

आणि आता पेंग्विन. ते नंतर. आधी बाग आणि मग संग्रहालय असा क्रम धरलात तर उन्हात फिरून पेंगुळलेलं पोर दालनात शिरेल आणि शिरताक्षणी घरी जायचं म्हणेल. संग्रहालय दहाला उघडतं, तेव्हाच आत जा. डबा त्याच्याही आधी. भुकेलं पोर आणि चित्रकला यांचं कधी जमलेलं नाही.

फोर्टाच्या फेरीसाठी आपली सरळ गाडी आहे, मीरा रोड ते चर्चगेट, मध्ये कुठे बदलायची नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, बाराव्या वर्षापर्यंत अर्धं. रविवारी निघायचं तर आदल्या रात्री ब्लॉक कुठे आणि किती वाजता आहे तेवढं बघून ठेवा. परतीला अंधार पडायच्या आत चर्चगेटहून सुटणारी धिमी लोकल पकडा. तिथून चढलं की बसायला मिळतं, आणि झोपलेलं पोर मांडीवर घेऊन विरारच्या गर्दीत मीरा रोडला उतरणं म्हणजे काय ते आपल्याला ठाऊकच आहे.

फोर्टात पहिल्यांदा जहांगीर आर्ट गॅलरी. १९५२ सालची, आत जायला पैसे लागत नाहीत. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. तिकीट काढलं की आपल्यातला हिशेबी माणूस जागा होतो. चार तिकिटांचे पैसे दिलेत, मग वरचा मजलाही बघायचा, तो कोपराही बघायचा, चल लवकर, अजून नाणी राहिलीत. पैसे वसूल करण्याच्या या घाईनेच पोरांच्या मनातून संग्रहालय उतरतं. जहांगीरमध्ये दहा मिनिटांत बाहेर आलात तरी खिशाला काही टोचत नाही. आणि तिथे दुसरीकडे न मिळणारी एक गोष्ट मिळते. बहुतेक वेळा चित्रकार स्वतः आपल्या चित्रांशेजारी खुर्ची टाकून बसलेला असतो. मुलाला त्याच्याकडे पाठवा. ‘हे काढायला किती दिवस लागले?’, ‘चुकलं तर काय करता?’ असले प्रश्न चित्रकारांना आवडतात, आणि चित्र नावाची गोष्ट कुणीतरी बसून, हात माखून केलेली असते हे पोराला एकदाच कळून जातं. बाहेर फुटपाथवरही चित्रं मांडलेली असतात. तीही बघा, आतलीपेक्षा ती कमी प्रतीची असं मुलाला सांगायची गरज नाही, त्याचं त्याला ठरवू द्या.

शेजारीच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. आपल्या आजी-नानींच्या तोंडी अजून प्रिन्स ऑफ वेल्स. गेटवे ऑफ इंडियाचा आराखडा करणाऱ्या जॉर्ज विटेटनेच हे बांधलं. १९०५ साली पायाचा दगड, १९१४ साली बांधकाम पुरं, आणि मग महायुद्ध आलं म्हणून तिथे लष्करी इस्पितळ. लोकांसाठी ते उघडलं १९२२ च्या जानेवारीत. हे प्रकरण प्रचंड आहे आणि धोका तोच आहे. म्हणून घरून निघतानाच तीन वस्तू ठरवा. तीनच. मी पाच ते आठ वर्षांच्या मुलासाठी निवडल्या तर अशा निवडीन: अकबर बादशहाचं चिलखत, पंचतंत्रातलं एखादं चित्र, आणि निसर्गदालनातला मुलाच्या पसंतीचा एक पक्षी.

पंचतंत्राबद्दल जरा सविस्तर, कारण आमच्या वस्तीला ते हक्काने सांगता येतं. विष्णुशर्म्याच्या या प्राणिकथा सहाव्या शतकात इराणच्या दरबारात पहलवी भाषेत गेल्या, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने त्या अरबीत ‘कलीला व दिमना’ नावाने आणल्या, पंधराव्या शतकाच्या अखेरीस हुसेन वाइज काशिफीने फारसीत ‘अन्वार-इ-सुहैली’ म्हणून सजवून लिहिल्या, आणि अकबराच्या चित्रशाळेत त्यांची चित्रं रंगली. त्यातली १५७५ च्या सुमाराची एक सचित्र पोथी या संग्रहालयाकडे आहे. मराठी शाळेत सिंह-सशाची गोष्ट शिकणारं पोर आणि उर्दू शाळेत शेर-खरगोश वाचणारं पोर, दोघं एकाच काचेसमोर उभी राहू शकतात. मात्र कागदावरचे रंग प्रकाशाने उडतात, म्हणून अशी चित्रं सदासर्वकाळ मांडून ठेवत नाहीत. ती पानं नसतील तर दुसरं कुठलंही लघुचित्र धरा. प्राणी किती, कोण कोणाकडे बघतंय, सगळ्यांत छोटी वस्तू कोणती, या चित्रातून आवाज आला असता तर कसला, एवढ्या चार प्रश्नांवर पंधरा मिनिटं जातात. पंधरा मिनिटं एका चित्रापुढे! मोठी माणसं पंधरा सेकंदही थांबत नाहीत.

याच आवारात गोरखचिंचेच्या झाडाशी २०१९ साली खास मुलांचं संग्रहालय झालं. ब्रुकलिनला १८९९ साली मुलांसाठीचं जगातलं पहिलं संग्रहालय निघालं, म्हणजे आपण सव्वाशे वर्षांच्या आसपास मागे राहिलो, पण आलं हे बरं झालं. समोरच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची घाई करू नका. मुलं नऊ-दहाची झाली की बघता येईल.

काही घरांत मूर्ती आणि माणसांची चित्रं याबद्दल संकोच असतो, तो मी हसण्यावारी नेत नाही. अशांनी सुरुवात शस्त्रांनी, बिदरीच्या कामाने, होड्यांनी, भांड्यांनी, पक्ष्यांनी करावी. भायखळ्याच्या आणि फोर्टाच्या संग्रहालयांत तेवढ्यावर दोन-तीन फेऱ्या निघतील. शेजारचं पोर मूर्तीपुढे हात जोडील, आपलं जोडणार नाही, दोघांनाही जे करायचं ते करू द्यावं. उघड्या अंगाच्या मूर्ती बघून पोरं खुदखुदतात, तेव्हा डोळे झाकायला धावू नका. ‘पूर्वी असेच कपडे घालत’ एवढं उत्तर आठ वर्षांपर्यंत पुरतं.

हात न लावण्याचं मात्र नीट समजवा. ‘हात लावू नको, बाबा ओरडतील’ हे समजावणं नव्हे. हाताला घाम आणि तेल असतं, एका हाताने काही होत नाही, पण रोज हजार हात लागले की दगडही झिजतो. दर्ग्याचा किंवा देवळाचा झिजून गुळगुळीत झालेला उंबरठा दाखवा, पटेल. मग त्या मोकळ्या हातात एक छोटी वही आणि पेन्सिल द्या. पेन नको, त्याची शाई सांडते, लागते. चित्र कसंही येवो, त्यावर शेरा मारू नका. आणि दालनातल्या रखवालदाराला आधी सलाम-नमस्कार घाला. कुठल्या वस्तूपाशी पोरं रेंगाळतात हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं, विचारलं तर तो खुशीने सांगतो.

मुंबईपर्यंत जायचं जमत नसेल तर बोरिवली दोन स्थानकांवर आहे. राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीची शंभरावर लेणी हेही शिल्पांचं संग्रहालयच, आणि पळायला मोकळं रान. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्याच्या ओसरीतल्या बुद्धमूर्ती सात मीटरच्या घरात आहेत. मुलाला पायाशी उभं करा म्हणजे उंची कळेल. डबा मात्र माकडांपासून सांभाळा. तिथल्या दगडांवर लोकांनी नावं कोरलीत तीही दाखवा, आणि हे का वाईट ते तिथेच बोला.

नया नगरातल्या शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि सोसायट्यांच्या सेक्रेटरींना एक विनंती. फोर्टाच्या संग्रहालयाने २०१५ पासून चाकांवरचं संग्रहालय सुरू केलंय, वातानुकूलित बसमध्ये वस्तू मांडून ती शाळांकडे नेतात. पत्र लिहून मागणी करा, नाही म्हटलं तर पुन्हा लिहा. आणि एका मजल्यावरच्या तीन-चार घरांनी मिळून रविवार ठरवावा. एकाची आई थकली तर दुसऱ्याचा बाप पोरं सांभाळतो. पोरं पोरांचं बघून जास्त बघतात, आणि खर्च म्हणाल तर चौघांच्या सिनेमापेक्षा कमीच येतो.

निघण्याआधी संग्रहालयाला फोन करून उघडं आहे ना, तिकीट किती, दुरुस्तीसाठी एखादं दालन बंद तर नाही ना, हे विचारून घ्या. राष्ट्रीय उद्यान आणि कान्हेरी सोमवारी बंद. राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद असतात, तेव्हा बासी ईद बुधवारी आली तर गाडीत बसण्याआधी खात्री करून मगच निघा.